तिकडं स्वस्त असतं ना!

आमच्या लॅपटॉपवर ‘सोलापूर फायनल ७’ नावाची एक एक्सेल फाइल आहे. तिच्या आधीच्या सहा ‘फायनल’ मी अजून उडवलेल्या नाहीत. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला जुने कागद टाकवत नाहीत, हे एक. दुसरं म्हणजे त्या त्या वेळी आम्ही किती भाबडे होतो ते त्यात दिसतं. पहिल्या फाइलमध्ये सोलापूरच्या रकान्यात नवऱ्यानं ‘भाजी – जवळजवळ फुकट’ असं लिहून ठेवलंय. तो साताऱ्याचा. सोलापूर त्याची सासुरवाडी, आणि जावयाला भाजीचा भाव कोण सांगतंय?

सोलापूरला राहायला जायचा विषय निघाला २०२४ च्या दिवाळीत. तेव्हा आम्ही पुण्यात वाघोलीला राहत होतो. मी खराडीच्या एका कंपनीत पगारपत्रकं आणि हिशेब बघते. नवरा रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटीला होता. दोघांच्या वाटेवर घर म्हणून वाघोली घेतलेलं. नकाशावर ते वाटेवर येतंही, पण नगर रस्त्यावर अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सोय नाही. मुलगा दुसरीत, शाळा सुटली की सात वाजेपर्यंत पाळणाघरात. इकडे अण्णांना जाऊन दीड वर्ष झालेलं आणि आई सोलापुरात अशोक चौकाजवळच्या दोन खोल्यांत एकटी. दिवाळीला गेले तर फ्रिजमध्ये एकाच आमटीचे तीन डबे. विचारलं तर म्हणाली, “एकटीसाठी काय रोज रोज फोडणी घालायची?”

परतताना भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसायला लागलं. त्या साली धरण भरलं होतं. नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, “आपणच तिकडं गेलो तर?” मी हसले. रात्री घरी पोहोचल्यावर त्यानं फाइल उघडलेली होती.

आधी पुण्याचा रकाना भरला. घरभाडं २२,०००. शाळेची फी महिन्याला वाटून आणि बस धरून ११,२००. किराणा, दूध, भाजी १५,०००. पोळीवाल्या मावशी आणि धुणं-भांडी ६,५००. वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट ४,३००. पेट्रोल ८,०००. गाडीचा हप्ता ९,८००. विमा ३,६००. बाहेरचं खाणं आणि रविवारचं भटकणं ७,५००. पाळणाघर ६,०००. औषधपाणी, आहेर, सोलापूरच्या फेऱ्या ५,०००. बेरीज ९८,९००. दोघांचा हातात येणारा पगार, त्याचा ७१ आणि माझा ५८, असे १ लाख २९ हजार. म्हणजे तीस हजार शिल्लक. कागदावर तरी. प्रत्यक्षात ते कुठे जायचे ते फाइल सात नंबरची झाली तरी आम्हाला उमगलेलं नाही.

सोलापूरचा रकाना भरायला मी तीन शनिवार-रविवार खर्ची घातले. अंदाजानं आकडे टाकायचे नाहीत असं ठरवलं होतं. जुळे सोलापूर, आसरा चौक, विजापूर रोड असं फिरून घरं पाहिली. दोन बेडरूमचं बरं घर साडेदहा हजारांत मिळत होतं. शाळेची फी वर्षाला ४६,०००, रिक्षाचे महिन्याला अकराशे. मावशी तीन हजार. पेट्रोल निम्म्याहून कमी, कारण या टोकाहून त्या टोकाला जायला अर्धा तास पुरतो. पाळणाघराच्या जागी शून्य. त्या शून्यासाठीच निम्मा खटाटोप होता.

पण काही ओळी हलायलाच तयार नव्हत्या. गाडीचा हप्ता गाव बघत नाही. विमा तोच. मोबाइलचं रिचार्ज तेच. वीज दोन्हीकडे महावितरणचीच, दर तोच. उलट सोलापूरच्या उन्हाळ्यात युनिट वाढले की वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून तिथे मी सातशे रुपये वाढवून धरले. तेल, साखर, साबण, मुलाचे बूट, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, सगळं छापील किमतीचं. ज्वारी, शेंगदाणे आणि पालेभाजी खरंच स्वस्त आणि चांगली, पण माणूस दिवसाला शेंगाची चटणी किती खाणार? किराणा-भाजीत सगळे मिळून दीड हजार वाचले. ‘जवळजवळ फुकट’ मी त्याच दिवशी खोडलं.

बेरीज आली ६२,८००. पुण्यापेक्षा छत्तीस हजारांनी कमी. नवरा खूश. मी म्हटलं, थांब, अजून वरची ओळ भरायचीय. वरची ओळ म्हणजे पगार.

चिंचोळी एमआयडीसीत आणि अक्कलकोट रोडला त्यानं ओळखीपाळखीतून चार ठिकाणी भेटी ठरवल्या. एका मशिन शॉपच्या मालकांनी त्याला सगळा कारखाना हिंडवून दाखवला, चहा पाजला, अनुभवाचं कौतुक केलं आणि बेचाळीस हजार सांगितले. हा म्हणाला, सध्या एक्काहत्तर घेतोय. मालक अजिबात रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, “पुण्याचा पगार कसा जमंल हो? खर्च तर सोलापूरचाच हाय की! इकडं स्वस्त असतंय.”

हे वाक्य आम्ही गाडीत बसल्यावर दोनदा एकमेकांना म्हणून दाखवलं. कारण त्यात चूक काढता येत नव्हती. घरभाडं कमी म्हणून आम्ही तिकडे निघालो होतो आणि घरभाडं कमी म्हणूनच तिथे पगार कमी होता. आम्ही ज्याला आपली बचत समजत होतो ती मालकांनी आम्ही यायच्या आधीच मोजून ठेवली होती.

माझं त्याहून बिकट. नव्या पेठेच्या बाजूला एका सीएच्या ऑफिसात गेले. जीएसटीची रिटर्न, टॅली, पगारपत्रकं, पीएफ, सगळं येतं म्हटल्यावर तिथल्या सरांचे डोळे चमकले. पगार सतरा हजार. मार्च आणि सप्टेंबरमध्ये रात्री उशीर होईल, तेवढं बघा म्हणाले. बाहेर पडताना मनात आलं, महाराष्ट्रात बायकांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ आहे, म्हणजे दरमहा दोनशे रुपये तरी वाचतील. हिशेबनीसाला दुःखातही कपात दिसते.

तर ‘फायनल ३’ची बेरीज अशी: बेचाळीस आणि सतरा, एकूणसाठ हजार. खर्च त्रेसष्ट. दरमहा चार हजार खिशातून. पुण्यात तीस उरत होते, इथे चार कमी पडत होते. फाइल बंद करून आम्ही महिनाभर उघडलीच नाही.

मधल्या काळात माझा मावसभाऊ बदलून सोलापूरला आला. तो रेल्वेत आहे, आणि सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय. मी खोदून विचारलं, पगारात किती फरक पडला? म्हणाला, मूळ पगार तोच, महागाई भत्ता तोच, फक्त घरभाडे भत्ता उतरला. केंद्र सरकारच्या यादीत पुणे ‘एक्स’ शहर, तिथे मूळ पगाराच्या ३० टक्के. सोलापूर ‘वाय’, तिथे २०. त्याहून लहान गावं ‘झेड’, तिथे १०. मला ते फार पटलं. शहर बदललं की घराचं भाडं बदलतं, म्हणून घराचाच भत्ता बदलायचा. माणसाच्या कामाची किंमत का उतरवायची? त्याला म्हटलं, तुझी मजा आहे. तर म्हणाला, “अक्का, इथं मजा आहे ती पेन्शनवाल्याची, बदलीवाल्याची, नाहीतर ज्याचा पोरगा बाहेरून पैसे पाठवतो त्याची. इथं कमावून इथं खाणाऱ्याला हे गाव पुण्याएवढंच महाग.”

हे त्यानं सहज म्हटलं, पण त्यानंतर मला तसंच दिसायला लागलं. आईकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई आधी जवळच भाड्यानं राहायच्या आणि दुपारी विड्या वळायच्या. असंघटित कामगारांसाठी कुंभारीला रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या, त्यात त्यांचं घर होतं. स्वतःचं घर! पेढे घेऊन आल्या होत्या. नंतर एकदा आईला सांगत होत्या की भाडं सुटलं, पण शहरातली चार घरची कामं धरायची तर येण्या-जाण्याला पैसे आणि दोन तास. शेवटी दोन घरं सोडली. त्यांनी फाइल केली नव्हती, पण हिशेब आमचाच होता. एक ओळ खाली येते आणि दुसरी हळूच वर सरकते.

फेब्रुवारीत पुन्हा फाइल उघडली, ती एका वेगळ्याच प्रश्नासाठी. नवऱ्यानं विचारलं, “समज, बेचाळीसवर गेलो. आणि वर्षभरात ती नोकरी सुटली. मग?”

मग आम्ही एका पाठकोऱ्या कागदावर सोलापुरातल्या अशा कंपन्या लिहायला घेतल्या, जिथे त्याच्यासारख्या क्वालिटीच्या माणसाला काम मिळू शकेल. किर्लोस्कर फेरस, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, मग दोन-चार लहान मशिन शॉप. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, पण तिथलं काम गळीत हंगामाच्या तालावर. यंत्रमाग, टॉवेल, चादरी आणि आता गणवेश शिवायचे कारखाने, हे सोलापूरचं खरं पोट. पण त्याचा तिथे उपयोग काय? “टॉवेल पाणी टिपतो का ते तपासू?” असं म्हणून तो स्वतःच हसला. दोन हातांची बोटं पुरून उरली. रांजणगावला फक्त रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या तरी कागद भरला असता. पंधरा दिवस नोकरीच्या साइटवर सोलापूर टाकून बघितलं, तर त्याच्या कामाच्या म्हणून सात जाहिराती आल्या आणि त्यातल्या तीन विमा विकायच्या निघाल्या.

माझ्या घरात ही भीती नवी नाही. माझे आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. १८७७ साली सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, मग एकामागून एक आल्या, आणि गाव भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या तेव्हा गिरणीतलं कसब घेऊन जायला दुसरं दार नव्हतं. आजोबांनी उरलेली वर्षं एका टॉवेलच्या कारखान्यात रखवालदारी केली. आई ते सांगते तेव्हा पैशाबद्दल काहीच बोलत नाही. ती म्हणते, “मागातलं सगळं कळायचं त्यांना, आणि गेटवर बसायचे.”

म्हणून ‘फायनल ४’मध्ये मी एक नवी ओळ घातली. ‘पुढची नोकरी’. त्यात आकडा टाकता येईना, तर लाल रंग भरून ठेवला.

पाचव्या फाइलपासून गाडी वेगळ्या रुळावर गेली. माझी नोकरी मी बरोबर नेली तर? काम संगणकावरचंच. करोनाच्या काळात दीड वर्ष घरूनच केलेलं. मॅनेजरांशी बोलले. त्यांची ना नव्हती, पण एचआरकडे गेले तर तिथल्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, “मग पगार लोकेशनप्रमाणे अ‍ॅडजस्ट करायचा का? तिकडं स्वस्त असतं ना!”

मला चिंचोळीचे मालक आठवले. बोली वेगळी, वाक्य तेच. मी म्हटलं, मॅडम, रिटर्नची तारीख सोलापूरला उशिरा येत नाही, आणि चूक झाली तर दंडही स्वस्तात पडत नाही. तीन आठवडे मेलामेली चालली. शेवटी प्रवास भत्त्याचे दोन हजार कापून छप्पन्नवर ठरलं. महिन्यातून दोनदा ऑफिसला यायचं आणि ‘व्यवसायाच्या गरजेनुसार बदल होऊ शकतो’ असं एक वाक्य पत्रात. त्या वाक्यापुढे ऑफर लेटर कसलंही असो, कोरंच.

दोन फेऱ्यांचं गणित मात्र सोपं निघालं. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते, ऑफिसच्या वेळेला पुण्यात पोचवते आणि संध्याकाळी सहाला तिथून परत निघते. १९३१ मध्ये फाशी दिलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं नाव त्या गाडीला आहे; त्यांचे पुतळे ज्या चौकात आहेत तिथून स्टेशनला मी रिक्षानं लहानपणापासून जातेय. शिवाय २०२३ पासून वंदे भारत आहे, पण तिचं तिकीट बघून मी हुतात्म्यांशीच निष्ठा राखली. दोन फेऱ्या, रिक्षा, वरचं खाणं धरून अडीच हजार.

निर्णय घ्यायच्या आधी राहून बघायचं, ही अट माझी होती. सणाला जाणं आणि राहणं वेगळं. दिवाळीत सोलापूर छान असतं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत तर फारच छान. म्हणून मुद्दाम एप्रिलची वीस तारीख ते मेची अकरा असे तीन आठवडे निवडले. मी घरून काम घेतलं, मुलाला सुट्टी होती, नवरा शुक्रवारी यायचा. एप्रिलच्या शेवटी पारा त्रेचाळीसच्या पुढे. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आईच्या घरातला कूलर गरम वारा फेकायचा आणि माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना वाटायचं मी विमानतळावरून बोलतेय. वहीत मी रोज लिहीत होते. तीन आठवड्यांत वीज अकरा वेळा गेली, त्यातली नऊ वेळा अर्ध्या तासाच्या आत आली. इंटरनेट मात्र वाघोलीपेक्षा बरं चाललं, हे आश्चर्य.

आणि पाणी. आईच्या भागात चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. मी याच घरात वाढले, तरी पुण्यात बारा वर्षं नळ सोडायची सवय लागलेली. वाघोलीतही पाणी टँकरचंच होतं म्हणा, पण तो टँकर सोसायटीत येऊन टाकीत पडायचा, तो आम्हाला कधी दिसला नाही. इथे पाणी दिसतं. हौद, पिंप, घागरी, पातेली, सगळं मांडून बसायचं. भिगवणला जे पाणी दिसतं ते ११७ टीएमसीचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त साठा तर मृतसाठा म्हणून धरतात. आता शहरासाठी उजनीहून समांतर जलवाहिनीही टाकली आहे. तरीही आईचा दिवस पाणी यायच्या बेतानंच ठरतो. एका रिक्षावाल्या मामांना मी वैतागून हे बोलले, तर ते आरशातून बघत म्हणाले, “चौथ्या दिवशी येतंय की ताई. आन् माणसाला रोज पाणी कशाला लागतंय?” त्यांना चेष्टा करायची होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

घर बघायला गेलो तिथे प्रत्येक घरमालक छातीठोक सांगायचे, “पाण्याचं टेन्शनच नाही, बोर हाय.” बोरचं पाणी क्षाराचं. बादलीला पांढरी पुटं, गिझरची कॉइल वर्षात गेलीच म्हणून समजा. म्हणून मी घराची चौकशी मालकांकडे न करता शेजारच्या बायकांकडे करायला लागले. नळाचं पाणी किती दिवसांनी, किती वेळ, कुठल्या मजल्यापर्यंत चढतं. भाडेकरूनं घर बघताना पहिला प्रश्न हाच विचारावा, खोल्या नंतर मोजाव्यात.

तीन आठवड्यांत वहीत न मावलेल्या गोष्टीही झाल्या. मुलगा संध्याकाळी पाच वाजता खेळायला जायला लागला. पुण्यात पाचला तो पाळणाघरात डुलक्या घेत असायचा. आईनं रोज फोडणी घातली. गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या पोरांकडून मुलगा ‘रा’, ‘पो’ शिकून आला आणि पलीकडच्या कानडी काकूंकडे कडक भाकरी खाऊन आला. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, एका गल्लीत चार भाषा. त्याची फी कुठल्या शाळेत भरली असती? नवरा शुक्रवारी रात्री यायचा आणि शनिवारी सकाळी आईबरोबर मंडईत जायचा. भाव त्याला तिथेच कळले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ‘फायनल ६’ केली आणि तिनं पुन्हा जमिनीवर आणलं. माझे छप्पन्न, त्याचे बेचाळीस, मिळून अठ्ठ्याण्णव. वजा त्रेसष्ट. वजा पुण्याच्या फेऱ्यांचे अडीच. उरले साडेबत्तीस. पुण्यात उरत होते तीस. म्हणजे एवढं सगळं करून महिन्याला अडीच हजार जास्त. आणि जायचा खर्च? टेम्पो १८,०००. एजंटाला एक भाडं, १०,५००. इन्व्हर्टर आणि बॅटरी २४,०००. हजार लिटरची टाकी ६,५००. एका खोलीला एसी ३८,०००. शाळेचा प्रवेश १२,०००. एक लाख नऊ हजार. अडीच हजारांनी भागले तर साडेतीन वर्षांहून जास्त. डिपॉझिटचे चाळीस हजार परत मिळतील असं धरून.

नवरा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे पैशासाठी आपण चाललोच नाही आहोत.” मी म्हटलं, नाही. “मग हे सात महिने काय केलं?”

खरं तर तेच केलं. पैशाची आशा काढून टाकायला सात महिने लागले. नाहीतर सोलापूरला येऊन दर महिन्याला आम्ही ती बचत शोधत बसलो असतो आणि सापडली नाही की एकमेकांवर घसरलो असतो.

तरी जायचं ठरवलं, पण अटी लिहून. घर अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं घ्यायचं. दोन वर्षं विकत घ्यायचं नाही, कितीही जणांनी “आत्ता घ्या, विमानतळ झालाय, भाव वाढणार” म्हटलं तरी. ते म्हणणारे फार भेटतात. विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, हे सगळं खरं. पण गोव्याला विमान उडालं म्हणून चिंचोळीत पगार वाढत नाही. तिसरी अट, सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे, म्हणजे पावणेचार लाख, मुदत ठेवीत बाजूला. माझी घरून काम करायची सोय गेली किंवा त्याची नोकरी गेली, तर आधी तीन महिने इथे शोधायचं, मग पुण्यात. आणि पुण्याला परत जावं लागलं तर ‘आम्ही हरलो’ असं कुणीही कुणाला म्हणायचं नाही. ही ओळ नवऱ्यानं घातली. एक्सेलमध्येच.

साताऱ्याला सांगितल्यावर सासूबाई तेवढ्या एक दिवस गप्प होत्या. मग फोनवर म्हणाल्या, “घरजावई झालास म्हण की.” भाड्याचा करार त्याच्या नावावर आहे हे त्यानं तीनदा सांगितलं. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला? त्यांना मी फाइल पाठवली. त्यांनी उघडली नसावी.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो. आई सोमवार ते शुक्रवार आमच्याकडे, शनिवार-रविवार तिच्या घरी. जुळे सोलापूर तिला पसंत नाही. “देऊळ लांब, मंडई लांब, माणसं दारं लावून बसतात, पुण्यासारखं झालंय,” असं ती पुण्याहून आलेल्या माझ्यासमोर म्हणते.

सहा महिन्यांत फाइलमधल्या काही ओळी चुकीच्या ठरल्या. बाहेरच्या खाण्याचे चार हजार धरले होते, ते पाच-साडेपाच होतात, कारण इथे नातेवाईक आहेत आणि नातेवाईक म्हणजे आहेर, बारसं, वास्तुशांत. आहेराची ओळ वेगळी काढायला हवी होती. पाव्हणे येतात ते पाणी यायच्या आदल्या दिवशीच येतात. उलट पेट्रोल धरल्यापेक्षाही कमी लागतं. नवरा पावणेसातला घरी असतो, पुण्यात नऊ वाजायचे. त्याचे मालक अधूनमधून “तुमच्या पुण्यात कसं करतात हो?” असं विचारून नव्या तपासणीच्या पद्धती त्याच्याकडून बसवून घेतात. काम पुण्याचं, पगार सोलापूरचा, असं तो म्हणतो. पण जेवताना म्हणतो, पोटभर जेवून.

नोव्हेंबरच्या शेवटी मला मेल आला. नव्या वर्षापासून घरून काम करणाऱ्या सगळ्यांनी दर महिन्यात सलग एक आठवडा ऑफिसला यायचं. खाली तेच वाक्य, व्यवसायाच्या गरजेनुसार. मी दुपारी वाचला, संध्याकाळी नवऱ्याला दाखवला. त्यानं काही न बोलता लॅपटॉप पुढे ओढला आणि ‘फायनल ७’ची कॉपी काढली. खराडीत पाच रात्री कुठे राहायचं? कॉट बेसिसवर हॉस्टेल की मैत्रिणीकडे? मैत्रिणीकडे किती महिने बरं दिसेल? हुतात्माची एकच फेरी होईल, म्हणजे तिथे थोडे वाचतील, पण पाच दिवसांचं जेवण, खराडीतल्या रिक्षा. सगळे मिळून पाच हजार धरले. उरणारे साडेबत्तीसवरून तीसवर आले. बरोबर पुण्याएवढे.

“आता जाण्यात आणि राहण्यात रुपयाचाही फरक नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, साडेपाच हजार धर, पुण्यात रिक्षावाले परतीचं भाडं मागतात. आकडा बदलेपर्यंत खालून कुणीतरी मोटार चालू केल्याचा आवाज आला. पाणी आलं होतं. एक दिवस आधीच. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली आणि आम्ही दोघंही उठलो.